वीस वर्षं गॅसचे पाइप जोडणाऱ्या जॉइंटरलाही दरवर्षी परीक्षा? होय, त्यालाही!

लालबागचा फिटर
काल इथे एकाने लिहिलं : "इलेक्ट्रोफ्यूजनमध्ये (प्लास्टिकचे पाइप विजेच्या उष्णतेने जोडणं) बारकोड स्कॅन करून बटण दाबायचं असतं. वीस वर्षं गॅसलाइनवर काम केलेल्याला दरवर्षी जॉइंट करून दाखवायला लावणं हा अपमान आहे." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन ठरलेला व्होल्टेज ठरलेला वेळ देतं, बस. पाइपवरचा ऑक्सिडाइज्ड थर खरवडला की नाही, हे त्याला कळत नाही. ०.२ मिमीचा थर, पण तो राहिला की कपलर (दोन पाइपांवर बसणारी जोडनळी) चिकटल्यासारखा दिसतो आणि चिकटलेला नसतो. एकदा आमच्याकडे असा जॉइंट कापला होता. कपलरवरचे इंडिकेटर (आतलं प्लास्टिक वितळल्यावर वर येणाऱ्या खुणा) दोन्ही वर आलेले, मशीनमध्ये 'ओके'. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटला तर कपलर सालीसारखा सुटला, खाली पाइप चकचकीत, म्हणजे खरवडलेलाच नव्हता. जॉइंट करणारा आमच्यातला सगळ्यात जुना माणूस होता.

अमेरिकेत गॅस पाइपलाइनच्या फेडरल नियमांत १९२.२८५ कलम याचसाठी आहे. प्रशिक्षण किंवा अनुभव हवाच, वर नमुन्याचा जॉइंट करून दाखवायचा. तो तपासायची एक रीत म्हणजे उभ्या किमान तीन पट्ट्या कापायच्या, आत पोकळी दिसता कामा नये, मग वाकवायच्या. तुटल्या तरी सुरुवात जॉइंटातून नको. हे दर कॅलेंडर वर्षाला, दोन परीक्षांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. इथेही तसंच व्हायला हवं.

पीई १०० वाला
दादा, अमेरिकेचं कलम अमेरिकेत. तिथल्या पट्ट्या साकीनाक्याच्या खड्ड्यात आणून वाकवा. परीक्षा कोरड्या शेडमध्ये, टेबलावर, पंखा लावून होते. काम रात्री दीड वाजता, गुडघाभर चिखलात. पाइप पुसायला कोरडं फडकं मिळत नाही तिथे परीक्षा पास झाल्याच्या कार्डाचं काय करायचं? आणि खरं सांगू? कार्ड जॉइंटरच्या खिशात असतं, खरवडतो हेल्पर.

लालबागचा फिटर
हेल्पर खरवडतो हे मान्य करताय आणि वर परीक्षा नको म्हणताय?

चाळ क्र. ४
तुमचं पट्ट्यांचं चालू दे, आधी खड्डे बुजवा! आमच्या गल्लीत गॅसवाले खणून गेले, मग केबलवाले, मग पाण्याचे. त्यातच कोणाच्या तरी ब्रेकरने पिवळी लाइन फोडली. वासाने सगळी चाळ रस्त्यावर. माझी आई ७८ वर्षांची, तिला दोघांनी खुर्चीतून खाली आणली. तुमचा जॉइंट कितीही उत्तम असू दे, वर ब्रेकर बसला की संपलं.

सेक्रेटरी, बी विंग
अगदी बरोबर. खणण्याआधी खालच्या लाइनींचा नकाशा कोणी उघडत नाही. पिवळी इशारापट्टी पाइपच्या वरच्या मातीत घालायची असते, आमच्याकडे ती गुंडाळीसकट खड्ड्याच्या कडेला पडलेली. मी फोटो काढला तर मुकादम म्हणाला, "साहेब, उद्या टाकतो." दुसऱ्या दिवशी वर काँक्रीट.

पीई १०० वाला
सेक्रेटरीसाहेब, मुकादमाला दिवसाला किती मीटर टाकायचे असतात ते विचारलंत? मजुरी मीटरवर. जॉइंटच्या कूलिंगचा वेळ पुरा व्हायच्या आत पाइप घट्ट धरणारा क्लॅम्प काढतात, कारण पहाटे रस्ता मोकळा हवा. माझ्या डोळ्यांदेखत काढलाय. मी बोललो, तर दुसऱ्या साइटवर टाकलं.

चाळ क्र. ४
म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि लाइन चालू केलीत? आमच्या घरात शेगडी त्याच लाइनवर आहे!

पीई १०० वाला
ताई, आवाज चढवू नका. मी तो जॉइंट परत कापायला लावला, म्हणूनच हलवला मला. घरी बायकोला आजही सांगितलेलं नाही.

लालबागचा फिटर
हे वाचून माझा राग गेला. काका, तुमच्यासारख्याची परीक्षा घ्यायची गरज नाही, हे एकवेळ मान्य. पण जॉइंट खराब निघाला की करणाऱ्याने पुन्हा पात्र व्हायचं, हेही त्याच कलमात आहे. हलवायला तो हवा होता, तुम्ही नव्हे.

पीई १०० वाला
बरं, घ्या परीक्षा. पण खड्ड्यात घ्या, रात्री घ्या, आणि हेल्परचीही घ्या. आणि नापास झाला, तर त्याने आधी केलेले जॉइंट कोण खणून बघणार, तेही आधी लिहून द्या.