वीकेंडला बोटीवर राहून स्कुबा, नाशिकहून जमेल का?

गंगापूररोडकर: शुक्रवारी रात्री निघून सोमवारी ऑफिस गाठायचंय, ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला सर्टिफिकेट कोर्स) झालंय, मालवणला बोटीवरच मुक्काम करून डाइव्ह मारता येतात का?

समुद्रवेडा: मालवण-तारकर्लीला छोट्या बोटीने जाऊन परत यायचं बघ, मुक्कामी बोट हवी तर थायलंडची सिमिलन बेटं, तेही साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य मे, म्हणजे वीकेंडचं विसरच.

पंचवटीची ताई: अरे आणि परतीचा घाट? आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे, शेवटच्या डाइव्हनंतर लगेच गाडी वर काढू नकोस, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एकाहून जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात, मी घाटालाही तेच धरते.

गंगापूररोडकर: बापरे, मग रविवारी डाइव्ह नकोच! नाहीतर सोमवारची रजा टाकतो ताई.