चर्चा: बारावी सायन्सनंतर थेट बीएस्सी नर्सिंग, की आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा)? (कोल्हापूर)

शाहूपुरी_ताई
बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एकच सल्ला फिरतो: "पोरीला जीएनएमला घाल, तीन वर्षांत पगार सुरू होईल, डिग्रीचं नंतर बघू." बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) असेल तर हा सल्ला चुकीचा आहे. जीएनएमची 3 वर्षं आणि त्यानंतरच्या पोस्ट बेसिक बीएस्सीची 2, म्हणजे डिग्री हातात यायला 5 वर्षं. थेट बीएस्सी 4 वर्षांत होते. शिवाय एकदा नोकरी लागली की पोस्ट बेसिकसाठी दोन वर्षं कोण सोडणार?

दुसरं म्हणजे एम्सची नॉरसेट, नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा. बीएस्सीवाल्याला नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की ती देता येते. जीएनएमला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पद केंद्राच्या वेतनश्रेणीतल्या लेव्हल 7 चं, मूळ वेतन महिना 44,900 पासून. पुढे एमएस्सी करून शिकवायचं असेल, तरी डिग्रीशिवाय गाडी हलत नाही.

वॉर्डसिस्टर_कसबा
ताई, नॉरसेटचं बरोबर आहे, पण एवढ्यावर सगळ्यांनाच बीएस्सीकडे ढकलू नका. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटला आणि राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीला जीएनएम चालतं. रेल्वेचं पदही लेव्हल 7 चंच. पद तेच, पगार तोच. मग ज्या घरात चौथ्या वर्षाचा खर्च झेपणार नाही, त्यांनी काय करायचं?

आणि डिग्री सोपी नाही, हे कुणी सांगत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या अभ्यासक्रमापासून 8 सेमिस्टर झाली. पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून एक पेपर, 75 गुणांचा: 37 अ‍ॅनाटॉमीचे, 38 फिजिऑलॉजीचे. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे 50 टक्के लागतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथेच अडकतात, कारण पाठ केलेलं इंग्रजीत मांडता येत नाही. मागचे विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येतं, पण आधीचं सगळं सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरची परीक्षा देता येत नाही. तिथे सहा महिने किंवा वर्ष गेलं की तुमचा चार विरुद्ध पाचचा हिशेब कोलमडतो.

शाहूपुरी_ताई
पहिल्या सेमिस्टरची अडचण खरी आहे. पण तिचा उपाय जीएनएम नाही. बीएस्सी नर्सिंगची सीईटी (प्रवेश परीक्षा) झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने मोकळे जातात. तेवढ्यात हाडं, हृदय आणि किडनी एवढे तीन धडे इंग्रजीत आकृती काढून, नावं घालून लिहायचा सराव केला, तरी पहिला पेपर सुटतो.

खर्चाचं म्हणाल तर 8 जुलै 2024 चा शासन निर्णय वाचा. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही, खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठालाही नाही. कोल्हापुरात हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे अभिमत विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेजही आहे आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजंही आहेत. पाटी वाचून फरक कळत नाही. "आत्ता सीट घेऊन ठेवा" म्हणून घाई करणाऱ्याचं ऐकून कॅपच्या आधी पैसे भरलेत, तर माफी हातची जाते. वसतिगृह, मेस आणि युनिफॉर्मचा खर्च मात्र घरचाच धरा.

लेबररूम
तुम्ही दोघी कागदावर भांडताय. डिग्री असो वा डिप्लोमा, नर्स घडते पेशंटच्या खाटेपाशी. त्यामुळे आधी कॉलेजचं नाही, त्याच्या रुग्णालयाचं बघा. बीएस्सीसाठी किमान 100 खाटांचं पालक रुग्णालय, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय लागतं, 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात, आणि एका विद्यार्थ्यामागे 3 पेशंट हवेत. हे कागदावर सगळ्यांचं असतं. प्रत्यक्षात बघायचं तर भेटीच्या वेळेत सलग दोन दिवस मेडिसिन आणि सर्जरी वॉर्डात चक्कर मारा. निम्म्या खाटांवर चादरी घडीच्या असतील तर तिथे हात तयार होत नाहीत. महिन्याला नॉर्मल डिलिव्हरी किती होतात, हेही विचारा. आकडा लहान आणि मुलींची बॅच 60 ची असेल, तर लॉगबुकातल्या प्रसूती बघून भरल्या जातात, करून नाही.

प्रश्न थेट विचारा: मुली सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) जातात का? किती आठवडे? सोबत कॉलेजची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर (वॉर्डात शिकवणारी) असते, की वॉर्डातल्या सिस्टरवर सोडून देतात? सीपीआरला जिल्हाभरातून, कोकणातून आणि सीमाभागातून पेशंट येतात, म्हणून तिथल्या पोस्टिंगला मोल आहे.

नाहीतर पुढे काय होतं तेही सांगते. 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचं, सेट मिलीला 20 थेंबांचा. 500 गुणिले 20, भागिले 240, मिनिटाला साधारण 42 थेंब. सेट मायक्रोड्रिप असेल तर मिलीला 60 थेंब, मग हाच आकडा 125 होतो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचल्यामुळे, आणि ती सवय वॉर्डातच लागते. पार्टोग्राफचं, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या आलेखाचंही तसंच. वहीत सुबक काढतात, पण अ‍ॅलर्ट लाइन (इशाऱ्याची रेष) ओलांडली की लगेच कुणाला बोलवायचं, हे रात्रपाळीशिवाय अंगात भिनत नाही.

वॉर्डसिस्टर_कसबा
हेच तर मी म्हणते! मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं जीएनएम स्कूल हे रिकाम्या वॉर्डाच्या बीएस्सीपेक्षा कधीही चांगलं.

लेबररूम
अगदी मान्य. पण भरलेल्या वॉर्डाची बीएस्सी मिळत असेल तर मी ताईंच्या बाजूने. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं असतं, 22 आठवडे, आठवड्याला 48 तास. वॉर्ड खरा असेल तर तेवढ्यात मुलगी तयार होते.

निपाणी_नाका
एक मुद्दा राहिला. इकडे नंबर लागला नाही की एजंट निपाणी, चिकोडी, बेळगावची कॉलेजं दाखवतात. ती वाईटच असतात असं नाही. पण मूळ नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे होते. महाराष्ट्रात नोकरीसाठी तिकडची एनओसी आणून इथल्या कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागते. भरतीची जाहिरात आल्यावर ही धावपळ सुरू केली तर शेवटची तारीख निघून जाते. इथल्या कॅपची शुल्कमाफीही तिथे नाही.

शाहूपुरी_ताई
म्हणून कागद आधी. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका, नॉन क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा. सीईटीला 100 प्रश्न, 90 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूडचे प्रत्येकी 20. अ‍ॅप्टिट्यूडचा अभ्यास बहुतेक जण करतच नाहीत, आणि मार्क तिथेच सहज मिळतात.

वॉर्डसिस्टर_कसबा
आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींसाठी मात्र जीएनएमच, एवढं लिहून ठेवते. बीएस्सीला पीसीबीत 45 टक्के लागतात, राखीवला 40. त्यांना ते दार बंद आहे, म्हणून त्यांनी नर्सिंगचा विचारच सोडू नये.