शाळेत ठरलेला आयपी, घरी आपोआप: एकच लॅपटॉप

प्रश्न (ऐरोली): शाळेच्या लॅबमध्ये केबल लावून आयपी (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) हाताने टाकावा लागतो, वर प्रॉक्सी (ज्या मधल्या सर्व्हरमधून इंटरनेट जातं तो). घरी राउटर पत्ता देतो, तिथेही केबलच. विंडोज ११. रोज बदलत बसायचं का?

उत्तर १ (वाशी): गरज नाही. कंट्रोल पॅनेलमधून इथरनेटच्या प्रॉपर्टीज, त्यात आयपी व्हर्जन ४ उघडा. पत्ता आपोआप घेण्यावरच ठेवा, म्हणजे शेजारी 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' टॅब दिसेल. तिथे शाळेचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे (नेटवर्कबाहेर जायची वाट, बहुधा राउटर), डीएनएस हे शाळेने दिलेले आकडे भरा. डीएचसीपी (पत्ता आपोआप वाटणारी सेवा) सापडला नाही तरच हा पत्ता लागू होतो, म्हणून शाळेत केबल लावल्यावर मिनिटभर थांबा.

उत्तर २ (कळवा): हे चालेल, पण लॅबमध्ये कुणी राउटर जोडून ठेवला असेल तर तो राउटरच पत्ता वाटून मोकळा होतो! आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांड चालवून गेटवे शाळेचाच आहे का तपासा. गेटवे भलताच असेल तर नेटश (netsh, नेटवर्कची सेटिंग बदलणारी विंडोजची कमांड) वापरून दोन बॅच फाइल (एका क्लिकवर कमांड चालवणाऱ्या फाइल) करा, एक घरची, एक शाळेची. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर बदल होतच नाही.

उत्तर ३ (घणसोली): प्रॉक्सी विसरू नका, ती आयपीबरोबर बदलत नाही. घरी नेट जोडलेलं दिसतं, पान मात्र उघडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रॉक्सी, तिथे बंद करा. वायफायवर ही कटकट कमी: प्रत्येक नेटवर्कचा आयपी वेगळा साठवता येतो.