अनुभव धागा : 'खरे आहे का?' – लाडक्या आवाजाच्या मृत्यूची अफवा

रेडिओवेडी
गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या गाण्यांच्या गटावर एका ज्येष्ठ गायिकेविषयी 'खरे आहे का?' एवढाच संदेश आला आणि पाच मिनिटांत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. बातमी खोटी निघाली. मला मात्र २०२२ चा जानेवारी आठवला.

लतादीदींना ८ जानेवारीला ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल केले होते. ते जाहीर झाल्यापासून ६ फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी 'त्या गेल्या' असे सांगत असे. अफवा पसरवू नका, अशी विनंती कुटुंबीयांच्या वतीने पुन्हा पुन्हा केली जात होती, तरी संदेश थांबत नव्हते. माझी आई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. ती कुठल्याही संदेशावर विश्वास न ठेवता उठून विविध भारती लावायची आणि काय वाजते आहे ते पाच मिनिटे उभ्यानेच ऐकायची. नेहमीचे कार्यक्रम चालू असले की म्हणायची, "फर्माइशी चालल्या आहेत, म्हणजे बाई आहेत."

आता माझा अपराध सांगते. मी मैत्रिणीला विचारले होते, 'खरे आहे का?' तिने तेच बहिणीला विचारले, बहिणीने प्रश्नचिन्ह गाळून ते भिशीच्या गटावर टाकले आणि संध्याकाळी माझ्याच जाऊबाईंनी मला सांत्वनाचा फोन केला. तुमच्यापर्यंत अशी बातमी कशी आली आणि तुम्ही ती पुढे ढकलली का, हे मोकळेपणाने लिहावे.

जुना_सातारकर
आपल्या मातोश्रींची रीत आमच्या घरीही होती, पण ती एकदा साफ फसली. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण गेल्याचे खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जाहीर केले. सभागृह तहकूब झाले, रेडिओचे नेहमीचे कार्यक्रम थांबले, शाळा आणि दुकाने बंद झाली. मी सातवीत होतो. शाळा लवकर सुटल्याच्या आनंदात उड्या मारत घरी आलो, तर आजोबा रेडिओसमोर मान खाली घालून बसले होते; मला एक थोबाडीत मिळाली. काही तासांनी कळले की जयप्रकाशजी मुंबईत जसलोक रुग्णालयात हयात आहेत. ती थोबाडीत मात्र कोणी परत घेतली नाही. ते खरोखर गेले ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, आणि त्या दिवशी रेडिओ काय सांगतो याकडे लक्ष न देता आजोबा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहत राहिले. जयप्रकाशजी गायक नव्हते हे मान्य आहे, परंतु रेडिओवरचे गाणे थांबणे हीच बातमी समजली जाण्याचा याहून मोठा दाखला माझ्यापाशी नाही.

घाईतली_गृहिणी
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत लिहिते. आमच्याकडे ही बातमी लिफ्टमधून आली. चौथ्या मजल्यावर शेजारीण 'कळले का?' म्हणाली आणि तळमजल्यापर्यंत आम्ही दोघी रडत होतो. कोण गेले, हे आम्ही एकमेकींना विचारलेच नव्हते. तिच्या मनात तिचे मामेसासरे होते.

तबकडीवाला
घाईतली, हे वाचून मी चहा सांडला आहे. मामेसासरे कसे आहेत?

घाईतली_गृहिणी
उत्तम आहेत, तेव्हाही होते.

माजी_उद्घोषिका
मी अनेक वर्षे एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केले, म्हणून खिडकीच्या आतली बाजू सांगते. श्रोते आम्ही काय सांगतो त्यापेक्षा काय सांगत नाही, हे अधिक काळजीपूर्वक ऐकतात. एखाद्या गायकाची दोन गाणी योगायोगाने लागोपाठ लागली की ड्युटी रूममधला फोन वाजू लागतो. २८ सप्टेंबरला, दीदींच्या वाढदिवशी, सकाळपासून त्यांची गाणी लावलेली असत आणि दरवर्षी निदान एकजण दबक्या आवाजात विचारी, "बाई, काही वाईट झाले नाही ना?" गाण्यांऐवजी सनई किंवा सारंगी लागली तर विचारायलाच नको. मनोरंजनाचे कार्यक्रम बंद होऊन नुसते वाद्यसंगीत सुरू होणे म्हणजे दुखवटा, हे समीकरण लोकांच्या कानांत इतके मुरले आहे की एकदा तांत्रिक अडचणीमुळे आम्ही दहा मिनिटे सारंगी वाजवली, तर गावातल्या एका दुकानदाराने शटर ओढल्याचे नंतर कानावर आले.

२०२२ च्या त्या जानेवारीत आमची सर्वांत मोठी अडचण व्याकरणाची होती. 'स्वर आहे लता मंगेशकर यांचा' हे वाक्य मी हजारदा म्हटले असेन, पण त्या दिवसांत 'आहे' हा शब्द उच्चारताना मी अडखळत असे, आणि तेवढ्या अडखळण्यावरून एका श्रोत्याने गटावर लिहिले की निवेदिकेचा गळा दाटून आला होता, म्हणजे आत काहीतरी कळलेले दिसते. मला आत काहीही कळलेले नव्हते. वृत्तविभागाकडून आल्याशिवाय आम्ही काही बोलत नसू. बाहेरच्या माणसाइतकीच मीही फोनकडे पाहत होते. दीदींची गाणी लावली तर लोक घाबरत आणि नाही लावली तर 'मुद्दाम का टाळता?' असे विचारत. शेवटी आम्ही रोजच्याइतकीच लावायची असे ठरवले, तरी फोन थांबले नाहीत.

रेडिओवेडी
ताई, तुमचे वाचून अंगावर काटा आला. ६ फेब्रुवारी, रविवार. आदल्या दिवशी वसंत पंचमी झाली होती आणि प्रकृती पुन्हा बिघडल्याचे वृत्तही आले होते. सकाळी फोनवर फोन येत असताना आई नेहमीप्रमाणे रेडिओकडे गेली. ती बटणापर्यंत पोहोचली आणि परत येऊन खुर्चीत बसली. "आज नको," एवढेच म्हणाली.

तबकडीवाला
तो संच मर्फीचा होता का? आमच्याकडे एक आहे, पण दुरुस्तीवाला मिळत नाही.

रेडिओवेडी
फिलिप्सचा आहे. दुरुस्तीवाल्याचे व्यक्तिगत निरोपात कळवते.

कराओके_काका
माझी कबुली सर्वांत लाजिरवाणी असल्यामुळे उशिरा लिहीत आहे. आमच्या हौशी गायकांच्या मंडळाची मासिक बैठक जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ऑनलाइन होती. सुरू होण्याआधी एका सदस्याने 'दुःखद' एवढाच शब्द लिहिला. मी सूत्रसंचालक होतो. खात्री करून घेण्याऐवजी मी दोन मिनिटे स्तब्धता पाळण्याचे आवाहन केले, आणि सव्वीस माणसे आपापल्या स्वयंपाकघरांत आणि शयनगृहांत उभी राहिली. दीड मिनिट झाले असेल, तेवढ्यात एका आजींनी माइक बंद आहे असे समजून नातवाला विचारले, "अरे, टीव्हीवर तर काहीच नाही?" त्या क्षणी मी काय करायला हवे होते, हे मला आजही ठरवता येत नाही, कारण मधेच थांबणे अपशकुनी वाटत होते आणि पूर्ण करणे त्याहून वाईट. आम्ही पूर्ण केली. पुढे ६ फेब्रुवारीला मी मंडळाच्या गटावर खरी बातमी टाकली, तेव्हा पहिले उत्तर आले : 'काका, पुन्हा?'

दूरदेशी_डेट्रॉइट
मी राहतो त्या शहराचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. १२ ऑक्टोबर १९६९ रोजी येथील डब्ल्यूकेएनआर या रेडिओ केंद्रावर रस गिब या निवेदकाला एका श्रोत्याचा फोन आला. बीटल्स या इंग्लिश बँडचा गायक पॉल मॅकार्टनी मेलेला असून त्याचा पुरावा हवा असेल तर त्यांची एक विशिष्ट ध्वनिमुद्रिका उलटी फिरवून पाहा, असे त्याने सांगितले. निवेदकाने ती फिरवली, श्रोत्यांना त्यात 'मृत माणूस' असे शब्द ऐकू आले आणि मग फोन थांबेनात. दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या दैनिकात फ्रेड लाबोर या विद्यार्थ्याने बीटल्सच्या 'ॲबी रोड' या नव्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण म्हणून गमतीने एक लेख लिहिला. त्यातले बरेचसे 'पुरावे' त्याने स्वतः रचले होते. मेलेल्या पॉलच्या जागी आला म्हणे त्या तोतयाला 'विल्यम कॅम्पबेल' हे नावसुद्धा त्यानेच दिले. लोकांनी ते जसेच्या तसे खरे मानले. मुखपृष्ठावर पॉल अनवाणी रस्ता ओलांडतो आहे, म्हणजे तो प्रेत आहे, इथपर्यंत मजल गेली. शेवटी लाइफ नियतकालिकाची माणसे स्कॉटलंडमधल्या त्याच्या शेतावर पोहोचली आणि ७ नोव्हेंबरच्या अंकात तो सहकुटुंब झळकला. काही चाहत्यांचे त्यानेही समाधान झाले नाही, कारण तोतयाचाही फोटो निघू शकतो.

दुसरा संबंध आपल्या जवळचा आहे. २७ ऑगस्ट १९७६ रोजी गायक मुकेश याच शहरात गेले. ते लतादीदींबरोबर कार्यक्रमांच्या दौऱ्यावर होते. माझे वडील तेव्हा नागपुरात होते आणि रेडिओवर ऐकूनही त्यांनी ते मानले नव्हते. परदेशी दौऱ्यावर गेलेला माणूस असा कसा जाईल, नावात काहीतरी घोटाळा झाला असेल, असे ते दोन दिवस म्हणत राहिले. पॉलच्या चाहत्यांना मी हसतो तेव्हा मला वडील आठवतात.

खंडव्याचा_जावई
१३ ऑक्टोबर १९८७. किशोरकुमार गेल्याचे ऐकून माझा मोठा भाऊ हसला होता. "हा त्याचाच काहीतरी खोडसाळपणा असणार," असे म्हणून त्याने जेवण पूर्ण केले. ज्याने आयुष्यभर लोकांना फसवले त्याच्या बाबतीत खरी बातमीच अफवा वाटते. भाऊ पुढे कित्येक वर्षे त्या हसण्याबद्दल आपण होऊन क्षमा मागत असे, कोणीही विचारले नसताना.

घाईतली_गृहिणी
कुकर उघडला, आता पुन्हा आले. काका, ते 'दुःखद' लिहिणारे सदस्य अजून मंडळात आहेत का?

कराओके_काका
आहेत. आता ते अध्यक्ष आहेत. त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छाही आधी माझ्याकडे पाठवून मगच गटावर टाकायच्या, असा ठराव आम्ही केला आहे.