फाइव्ह-ईचे नियम घेऊन २१९० सालची मुंबई : बंदुका, विझार्ड आणि निर्वात यांचं काय करायचं?

परळ_टेबल
चार खेळाडू आहेत, २०१४चं फाइव्ह-ई (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती) सगळ्यांना पाठ. नवी कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, २१९० सालच्या मुंबईत : समुद्र चढलेला, दादर-माहीम भिंतीआड, वर कक्षेत एक गळकं गोदी-स्टेशन. नवं नियमपुस्तक वाचायला कोणी तयार नाही, त्यामुळे ‘दुसरा गेम घ्या’ हे उत्तर शक्यतो नको. डीएम गाइडमधल्या (खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) लेझर बंदुका आहेत तशा दिल्या तर चालतील का? विझार्डचं, म्हणजे जादूगाराचं, काय करू? सुरुवात लेव्हल १ पासून, आणि पहिली मारामारी चालत्या लोकलच्या डब्यात.

डोंबिवली_डी२०
लेव्हल १ ला तशाच देऊ नका. हिशोब बघा. गाइडमधली लेझर रायफल ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे), सरासरी १३.५, डेक्सचे (चपळाईचे) +३ धरले की १६.५. कॉन (काटकपणा) +१ असलेल्या विझार्डचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, ७. शून्यावर आल्यावर उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) नाही, गडी जागीच खलास. इथे साडेनऊ उरतंय, आणि हे क्रिट (दुप्पट फाशांचा नेमका घाव) नाही, साधा हिट आहे. पिस्तूल ३डी६ : एकूण १४ आले की तोच प्रकार, आणि +३ धरून ते बरोबर ५० टक्के वेळा येतात.

दोन वाटा आहेत. एक, थेट लेव्हल ५ ला सुरू करा. दुसरी मला बरी वाटते : पिस्तूल १डी८, रायफल १डी१०, दोन हातांची जड बंदूक १डी१२. म्हणजे जवळपास धनुष्य आणि क्रॉसबोच्याच पट्टीत. राक्षसांचे हिट पॉइंट त्या पट्टीवर बेतलेले आहेत. ऑर्कच्या १५ हिट पॉइंटचा गुंड बनवलात आणि हातात ३डी८ दिलीत, तर इनिशिएटिव्ह (पहिल्या पाळीचा फासा) ज्याचा आधी तो जिंकला. मग मारामारी कशाला, नाणंच उडवा.

आता डबा. साधारण २० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद. पाच फुटांच्या चौकटीत तेरा बाय दोन, फार तर अडीच. म्हणजे बंदुकीची रेंज इथे निरर्थक. महत्त्वाचा नियम हा की पाच फुटांत शत्रू उभा असेल तर रेंज्ड हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज. त्यामुळे सुरीवाला आपोआप भारी ठरतो, आणि भविष्यातही लोक कोयता का बाळगतात याचं कारण नियमातूनच मिळतं. बाकाआड हाफ कव्हर, एसीला (हल्ला लागायला फाशावर लागणारा आकडा) +२, दाराजवळच्या पार्टिशनआड थ्री-क्वार्टर्स +५.

बर्स्ट फायर (एका दमात गोळ्यांचा मारा) मात्र डब्यात बंद ठेवा. दहा फुटांचा चौकोन जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो, डीसी १५ चा डेक्स सेव्ह (चपळाईच्या फाशावर किमान १५) चुकला की पूर्ण डॅमेज. ग्रेनेडची त्रिज्या २० फूट, म्हणजे पासष्टातले चाळीस फूट गेले. वीस फुटांच्या आत टाकणारा स्वतः त्यात सापडतो.

मंगळागौर_मार्क२
क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, तेच ठेवा, नुसते कपडे बदला. विझार्ड म्हणजे मणक्यात नॅनो-रिग बसवलेला माणूस, स्पेल स्लॉट म्हणजे चार्ज, स्पेलबुक म्हणजे फर्मवेअर. क्लेरिकला (देवाकडून शक्ती घेणाऱ्या पुजाऱ्याला) स्टेशनच्या एआयशी जोडा. आकडे एकही बदलू नका.

घोळ फायरबॉलने होत नाही, तो तर रॉकेटच आहे. घोळ लेव्हल १च्या साध्यासुध्या स्पेलने होतो. ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ एका स्लॉटमध्ये १० गॅलन, म्हणजे ३८ लिटर पाणी देतो. ‘गुडबेरी’ दहा बोरं, एकेक बोर एका माणसाचं दिवसाचं जेवण. ज्या स्टेशनवर पाण्यासाठी टँकर-माफिया रक्त सांडतोय, तिथे तुमचा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) सकाळी उठून प्रश्न मिटवून टाकणार. हे दोन काढा, किंवा अट घाला : पाणी शून्यातून येत नाही, हवेतल्या बाष्पातून ओढलं जातं. मग एका बंद खोलीत दिवसातून एकदाच चालेल आणि शेजारी बोंब मारतील. दुसरा पर्याय जास्त मजेदार. लेव्हल ५ ला ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ येतो, त्याला पण हीच अट.

‘मेंडिंग’ (सांधण्याचा स्पेल) असू द्या. तो फुटभराचीच चीर सांधतो आणि कास्ट करायला एक मिनिट लागतं. हल (स्टेशनचं बाहेरचं कवच) फुटल्यावर एक मिनिट म्हणजे मारामारीचे दहा राउंड.

कक्षेतला_कारकून
त्या दहा राउंडवरून : फाइव्ह-ईचा श्वास रोखण्याचा नियम (१ + कॉन मॉडिफायर इतकी मिनिटं) पाण्याखाली ठीक आहे, निर्वातात नको. तिथे श्वास रोखला तर फुप्फुसं फाटतात. १९६६ साली नासाच्या चाचणीत निर्वात कक्षात सूटची नळी निसटली आणि आतला तंत्रज्ञ साधारण १४ सेकंदांत बेशुद्ध झाला. हवा लगेच भरली म्हणून वाचला. सहा सेकंदांचा राउंड धरला तर नियम तयारच आहे : दोन राउंड हातपाय हलवता येतात, तिसऱ्याला थेट बेशुद्ध, तिथून दर राउंडला एक डेथ सेव्ह फेल. कोणी आत ओढला तर वाचतो. ‘गोठून मेला’ करू नका, निर्वातात शरीर इतक्या झटपट थंड होत नाही.

हॅकिंग एका रोलवर सोडवू नका. तीन अपयशांआधी तीन यश, दर राउंडला एक प्रयत्न, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी दार अडवून धरायचं. नाहीतर एकजण फासे टाकतो आणि तिघं चहा मागवतात.

यानाला डॅमेज थ्रेशोल्ड (डॅमेजची किमान मर्यादा) द्या, समजा १५. त्याखालचं डॅमेज शून्य. हातातल्या पिस्तुलाने जहाज पाडण्याचा वाद तिथेच संपतो.

परळ_टेबल
बंदुकांचं पटलं, १डी१० ठेवतो. लेझरसमोर चिलखत कसं धरू? स्टारफाइंडर या अंतराळातल्या गेमच्या पहिल्या आवृत्तीत ऊर्जा आणि गोळी यांचे दोन वेगळे एसी आहेत ना?

डोंबिवली_डी२०
आहेत, आणि तिथे शोभतात. फाइव्ह-ईत उचलू नका, प्रत्येक हल्ल्याला ‘कुठला एसी?’ विचारत बसाल. एसी एकच ठेवा. लेझरचं डॅमेज रेडियंट (प्रकाशाचं) धरा आणि आरशासारखं चिलखत रेडियंटला रेझिस्टन्स देतं असं म्हणा. निम्मं डॅमेज, विषय संपला.

कक्षेतला_कारकून
हे नियम लिहून मराठीत पीडीएफ टाकणार असाल तर एक बघा. एसआरडी ५.१ (फाइव्ह-ईच्या मूळ नियमांचा खुला दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० खाली आहे, भाषांतर करता येतं, श्रेय मात्र द्यावं लागतं. डीएम गाइडमधला बंदुकांचा तक्ता त्यात नाही, तो जसाच्या तसा छापू नका. वरचे १डी८, १डी१० तसेही तुमचे स्वतःचे आहेत.

मंगळागौर_मार्क२
दुसरा गेम नको म्हणालात, पण ‘स्टार्स विदाउट नंबर’ या विज्ञानकथेच्या गेमची फुकट आवृत्ती उतरवून घ्या. नियमांसाठी नाही, गटांच्या राजकारणाचे नियम आणि ग्रह बनवायचे तक्ते त्यात आहेत. खेळाडूंना ते पुस्तक दाखवायचीही गरज नाही.