चर्चा: जुनं घोस्ट चालतंय, तर बदलायचं कशाला?

डिचोलीकर: घरचा विंडोज 7चा पीसी अजून ठणठणीत आहे. नॉर्टन घोस्ट 15 या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब नक्कल, बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतो. डिस्क गेली तर नवी लावायची, घोस्टच्या सीडीवरून बूट करायचं (पीसी चालू करायचा), इमेज टाकायची. टॅली, प्रिंटर, मराठी फाँट सगळं जागच्या जागी. ना खातं उघडायची कटकट, ना वर्षाकाठी पैसे. बनवणाऱ्या सिमँटेकने 2013 साली विकणं थांबवलं म्हणून सॉफ्टवेअर आंबतं की काय?

म्हापशातला रिपेरवाला: डिचोलीकरबाब, आंबत नाही, पण आपल्याकडे पावसात नुसती डिस्क जाते कुठे? वीज ब्रॉडबँडच्या वायरीतून शिरते आणि मदरबोर्डच घेऊन जाते. त्या जातीचा बोर्ड नवा मिळत नाही. दुसऱ्या बोर्डावर इमेज उतरवलीत की विंडोजचा लोगो येतो न येतो तोच निळा पडदा, खाली 0x0000007B, म्हणजे विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही. बोर्डावरचा डिस्क चालवणारा कंट्रोलर वेगळा, विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) चालू नाही. आणि नवा लॅपटॉप घेतलात तर तुमच्या त्या सीडीला एनव्हीएमई एसएसडी (नव्या जातीची वेगवान डिस्क) दिसणारच नाही. क्लोनझिला घ्या. तेही इमेज घेणारंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, यूईएफआय (नव्या मशीनची चालू होण्याची पद्धत), जीपीटी (डिस्कच्या भागांची नवी मांडणी) सगळं ओळखतं.

डिचोलीकर: बायॉसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर केली की तो निळा पडदा बऱ्याचदा जातो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. क्लोनझिला पाहिलंय. काळ्या पडद्यावर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी. उलटं निवडलं की बॅकअपची डिस्कच साफ!

म्हापशातला रिपेरवाला: शेजारी मॉडेल आणि साइज लिहिलेली असते हो. वाचायची.

फोंड्याची ताई: वाचूनही अडतं. 500 जीबीच्या हार्डडिस्कची इमेज 240 जीबीच्या एसएसडीवर क्लोनझिला सरळ उतरवत नाही, भले आत 60 जीबीच भरलेले असोत. आधी पार्टिशन (डिस्कवरचा भाग) लहान करावं लागतं. हे घरच्या माणसाला कोण सांगणार? त्या बाबतीत मी डिचोलीकरांच्या बाजूने. पण काका, ती बाहेरची डिस्क चोवीस तास यूएसबीला लावलेली असते ना? मग घोस्ट काय नि क्लोनझिला काय, विजेला दोन्ही सारखेच. आणि फोटो, हिशेब इमेजमध्ये कोंडून ठेवू नका, साध्या फायली म्हणून वेगळे कॉपी करा. उद्या घोस्टच नसलेल्या मशीनवर ती इमेज उघडणार कशी?

डिचोलीकर: डिस्क काढून कपाटात ठेवतो, आजपासून. फायलींचंही पटलं. घोस्ट मात्र सोडत नाही.

म्हापशातला रिपेरवाला: नका सोडू. फक्त एक जुनी रिकामी डिस्क लावून चतुर्थीआधी एकदा त्यावर इमेज रिस्टोर करून (परत उतरवून) बघा. सीडी वाचली गेली नाही तर दुकान उघडं आहे.