मदत हवी आहे: काकांचं जुनं मिचेल 300 रील उघडून बसलोय

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. गळ टाकणाऱ्यांपैकी कुणी जुनी रीलं (काठीवरची दोरी गुंडाळायची यंत्रं) खोलून पुन्हा जोडली असतील तर जरा बघा.

आमचे काका मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होते. कुठल्याशा बंदरातून आणलेलं काळं मिचेल 300 स्पिनिंग रील त्यांनी जन्मभर वापरलं. पंचगंगेला मरळ, राधानगरीकडं गेलं की जे लागेल ते. काका जाऊन 11 वर्षं झाली. तेव्हापासून रील काकूंच्या फडताळात आहे, पण नुसतं पडून नाही. दर खंडेनवमीला पान्हे, पक्कड, कोयता, विळी यांच्या रांगेत तेही पाटावर बसतं. हळद-कुंकू, फूल, आणि "हत्याराला तेल पाहिजे" म्हणून फटीतून खोबरेलाचे दोन-चार थेंब. 11 वर्षं, न चुकता.

आता लक्षणं. हँडल जातं ओढल्यासारखं जड फिरतं. बेल, म्हणजे ती तारेची कमान, उघडते पण हँडल फिरवल्यावर आपटून बंद होत नाही, अर्ध्यात लोंबकळते. उलटं फिरणं थांबवणारा खटका लावला तरी टकटक येत नाही आणि हँडल खुशाल मागं जातं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी किती जोरानं सुटावी ते ठरवणारा ब्रेक, एकतर गच्च, नाहीतर पार मोकळा, मधलं काहीच नाही.

रविवारी बाजूचं झाकण काढलं. आत तपकिरी, मेणासारखा थर, त्यात लालसर रेघा (कुंकू!), आणि खवट वास. बघून पोटात गोळा आला. फोटो काढले, झाकण तसंच ठेवून दिलं.

प्रश्न: हे धुवायचं कशानं? तेल-ग्रीस कुठलं? बेलची स्प्रिंग गेली असेल तर इथं कोल्हापुरात काय करायचं? काकूंची एक अट आहे: रंग खरवडायचा नाही, पॉलिश मारायचं नाही. "तुझ्या काकांच्या हाताचं झिजलंय ते."

ता. क. हँडल डाव्या बाजूला आहे. शेजारचा म्हणतो कुणीतरी उलटं बसवलंय.

मिस्त्रीबुवा
शेजाऱ्याला चहा पाजून घरी पाठव. 300 चं हँडल डावीकडंच असतं. उजव्या हातात काठी, डाव्या हातानं गुंडाळायचं. उजवीकडं हँडल असलेलं भावंड म्हणजे 301. आणि घाबरू नको, ही रीलं फ्रान्सच्या डोंगरात क्लूझ नावाच्या गावात व्हायची. घड्याळाचे भाग आणि बारीक स्क्रू करणाऱ्यांचं गाव. आपलं कोल्हापूरचं उद्यमनगर, कारखान्यांची वसाहत, समज, फक्त थंड. घड्याळवाल्यांनी केलेली वस्तू आहे, खोलता येते आणि जोडताही येते.

काकूंना दोष देऊ नको. खोबरेल जवसासारखं वाळून चामडं होत नाही. ते 24 अंशांच्या खाली थिजतं आणि जुनं झालं की खवट होतं. खरा चिकटा जुन्या ग्रीसचा आहे. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल निथळून जातं, साबण उरतो. त्यात धूळ आणि कुंकू कालवलं गेलंय, एवढंच.

धुवायला रॉकेल उत्तम, पण ते मिळवणं आता मुश्कील. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आण. गॅसजवळ बसू नको, खिडकी उघडी ठेव. धातूचे भाग रात्रभर भिजव, सकाळी जुन्या टूथब्रशनं घास, मग भांड्यांच्या साबणानं कोमट पाण्यात धू आणि लगेच पुसून वाळव. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन धुवायची पावडर चुकूनही नको, बॉडी अॅल्युमिनियमची आहे, खाऊन टाकेल. प्लास्टिकचा मणी, ड्रॅगच्या मऊ चकत्या टर्पेंटाइनमध्ये टाकू नको. बॉडीवर बाहेरून फक्त साबणाचं ओलं फडकं, काकूंची अटही त्यातच पाळली जाते.

खोलताना आधी अंथरुणाची जुनी पांढरी चादर पसर, सांडलेलं दिसतं. बर्फाचा ट्रे घे, काढलेला भाग काढलेल्या क्रमानं एकेका खणात. पातळ शिम, म्हणजे कागदासारख्या चकत्या, गिअरला चिकटून येतात आणि पुसताना फडक्यात जातात. पेचकस खाचेत घट्ट बसेल असाच घे; सैल पेचकसानं खाच गोल झाली की मग रडत बसायचं. अडला तर भेदक तेल सोडून रात्रभर ठेव. आणि कुठलाही नट जोरात ओढण्याआधी आटे बघ. फिरणाऱ्या भागांवर कधीकधी उलटे आटे असतात, चालताना आवळत राहावेत म्हणून. सुटत नाही म्हणून जोर लावला आणि तोच घट्ट करत बसला, हे माझ्या हातूनही झालंय.

गळाला_वाम
बेलसाठी माझे दोन पैसे: आधी स्प्रिंगवर आळ घेऊ नका. तार वाकलेली असली तरी असंच होतं. रील समोर धरून बघा, कमान दोन्ही टोकांना सारखी बसते का. आणि दोरी ज्या रोलरवरून जाते तो बोटानं फिरतो का? त्यावर खाच पडली असेल तर दोरी तुटतच राहणार, बाकी सगळं चकाचक असलं तरी.

रंकाळाकाठ
मिस्त्रीबुवा, तुमच्या पायाचा फोटो पाठवा. धुतल्यावर मोठा गिअर आतून सोनेरी निघाला, दात एकूण एक शाबूत. काकू चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या.

वाम भाऊ, तार सरळ आहे, रोलर चिकटला होता, आता फिरतो. पण स्प्रिंगचा एक पाय तुटलेला निघाला. तो तुकडा निघताना उडाला, कॉटखाली गेला, आमच्या मांजरानं आधी शोधला. आता ती नवी मिळणार कुठून?

मिस्त्रीबुवा
पुढच्या वेळी स्प्रिंग काढताना हात आणि रील दोन्ही पारदर्शक पिशवीत घाल. उडालीच तर पिशवीत उडते.

नवी शोधू नको, करून घे. उद्यमनगरात स्प्रिंगवाल्याकडं जा, तुकडे बरोबर ने. त्याला पाच गोष्टी सांगाव्या लागतील: तारेची जाडी (मायक्रोमीटरनं मोजून घे, अंदाजानं नको), आतला व्यास, वेटोळी किती, दोन्ही पायांतला कोन, आणि वेटोळी डावी की उजवी. शेवटचं लोक विसरतात. पियानो वायर किंवा स्टेनलेस स्प्रिंग तार चालेल. तार गुंडाळून सोडली की थोडी उलगडते, म्हणून ज्या दांड्यावर गुंडाळायची तो हव्या त्या व्यासापेक्षा बारीक लागतो; हे त्याला सांगायची गरज नाही, तोच तुला सांगेल. पाय वाकवायला तार लालबुंद करू देऊ नको, ताण निघून जातो.

ड्रॅगच्या चकत्यांचं काय? मऊ चकत्या झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर गॅस्केटवाल्याकडून त्याच जाडीच्या टेफ्लॉनच्या पाडून घे. थप्पीची उंची बदलू देऊ नको. धातूची आणि मऊ, आलटून पालटून, आधी होती त्याच क्रमानं. टेफ्लॉनला तेल नको, नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) असतील तर थेंबभर तेल.

जोडताना गिअरच्या दातांना पातळ हातानं ग्रीस. मूठभर भरू नको, पोळीला तूप लावतो तसं. बेअरिंगला आणि रोलरला शिलाई मशीनचं तेल, थेंब-थेंब.

रंकाळाकाठ
पहिली स्प्रिंग उलट्या हाताची झाली. डावी-उजवी मीच सांगायला विसरलो, तुम्ही लिहूनसुद्धा! स्प्रिंगवाले मामा हसले, दुसरी तिथंच करून दिली. पैसे एकीचेच घेतले, काकांना ओळखत होते म्हणे. बेल आता अशी आपटते की मांजर लांबूनच बघतं.

ड्रॅगही झाला, टेफ्लॉननं जादू केली. दोरी ओढली की दमादमानं सुटते, धक्का नाही.

पण दोन गोष्टी राहिल्या. खटका लावला तरी टकटक नाहीच. आणि ट्रेच्या एका खणात एक शिम उरलीय. लै लाज वाटते सांगायला.

गळाला_वाम
शिम उरली म्हणजे कुठंतरी खेळ आला असणार. हँडल धरून आत-बाहेर हलवून बघा, मग रोटर (बेल बसवलेला फिरता भाग) हलवून बघा. जिथं जास्त डुगडुगतं तिथली ती. तुमचे पहिल्या रविवारचे फोटो कशासाठी आहेत?

मिस्त्रीबुवा
बरोबर. आणि टकटक नाही म्हणजे खटक्याच्या कुत्र्याखाली (दातांत अडकणाऱ्या छोट्या जिभेखाली) ग्रीस भरलंस. तिथं ग्रीस चालत नाही, हलकं तेल फक्त. जाड ग्रीसमध्ये तो कुत्रा दातांपर्यंत पोचतच नाही. पुसून काढ. तरी नाही झालं तर त्याच्या बारीक स्प्रिंगचा पाय चुकीच्या बाजूला बसलाय.

रंकाळाकाठ
दोन्ही नेमकं निघालं. शिम हँडलकडच्या बाजूची, मोठ्या गिअरखालची. फोटोत स्वच्छ दिसत होती, मीच झूम केलं नव्हतं. ग्रीस पुसलं आणि टकटक आली. काकू स्वयंपाकघरातून "आले का रे?" म्हणाल्या. काका अंगणात दोरी गुंडाळायचे तेव्हा हाच आवाज असायचा, मलाही आत्ता आठवलं.

स्पूलच्या (दोरी भरायच्या फिरकीच्या) कडेपासून 2 मिमी खाली ठेवून दोरी भरलीय. रविवारी पहाटे नदीवर जातोय. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काकूंच्या फडताळात ठेवली, चिठ्ठी चिकटवून: "खंडेनवमीला हे. एकच थेंब." त्यांनी वाचलं आणि विचारलं, कुंकू तरी चालेल ना? बाहेरून चालेल म्हटलं.